रक्तद्रवाचा मोबदला

अमेरिकेतील आयडाहो संस्थानाच्या पूर्वभागात, बटाट्याच्या विस्तीर्ण शेतांनी वेढलेले रेक्सबर्ग हे गाव आहे. वस्ती चाळीस हजारांच्या आतबाहेर. आणि मॉर्मन पंथाने चालविलेल्या विद्यापीठाचा या गावावर एवढा प्रभाव, की तेथील जवळजवळ प्रत्येक व्यवहार, मग तो खोल्यांच्या भाड्याचा असो की खाणावळीचा, विद्यार्थ्यांच्या खिशाकडे पाहूनच चालतो. ऑक्टोबर 2020 मध्ये या विद्यापीठाने एक जाहीर निवेदन काढले. करोनाचा संसर्ग आपल्याला मुद्दाम व्हावा अशी काही जण खटपट करीत असल्याची वार्ता अधिकाऱ्यांच्या कानी आली होती. रोगातून उठलेल्या माणसाच्या रक्तद्रवात त्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडे असतात, अशा रक्तद्रवाला तिकडची संकलन केंद्रे त्या दिवसांत नेहमीहून पुष्कळ अधिक मोबदला देत होती, आणि त्या अधिक रकमेसाठी तरुण मुले रोग ओढवून घेत आहेत, असा तो संशय होता. असे कृत्य करणाऱ्याला तत्काळ निलंबित करण्यात येईल, प्रसंगी विद्यापीठातून काढून टाकण्यातही येईल, अशी ताकीद निवेदनात होती. आणि पैशांच्या विवंचनेपायी प्रकृती धोक्यात घालण्याचे कोणासही कारण नाही, अडचणीत असलेल्यांनी विद्यापीठाच्या साहाय्य-व्यवस्थेकडे यावे, असेही त्यातच सांगितले होते.

ही वार्ता किती खरी होती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एका जबाबदार विद्यापीठाला ती विश्वसनीय वाटली, एवढी गोष्ट विचारात पाडण्यास पुरेशी आहे. शिक्षणाच्या खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी आठवड्यातून दोनदा रक्तद्रव देऊन येणे हा अमेरिकेतील विद्यापीठांच्या गावी इतका रुळलेला परिपाठ आहे, की एक खोली वाटून घेणाऱ्या मुलांत 'आज तुझा दिवस की माझा' अशी विचारणाही सहज होते. हा परिपाठ कसा पडला, त्यातून निघणारे औषध कोणाच्या उपयोगी पडते, देणाऱ्याच्या शरीरावर त्याचा काय परिणाम होतो आणि आपल्याकडील कायद्याने त्याला सर्वस्वी मनाई का केली, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

मागील प्रकरणात आपण रक्तपेशींचा परामर्श घेतला. त्या पेशी ज्यात तरंगत असतात तो फिकट पिवळा द्रव म्हणजे रक्तद्रव. करोनाच्या साथीत 'प्लाझ्मा' या नावाने तो आपल्या घराघरांत पोहोचला. रक्ताच्या एकंदर आकारमानापैकी निम्म्याहून थोडा अधिक, म्हणजे शेकडा 55 च्या सुमारास भाग त्याचा असतो. त्यात शेकडा नव्वदांहून अधिक पाणीच. परंतु उरलेल्या अल्पशा भागात जी प्रथिने विरघळलेली असतात, त्यांवर आपला जीव अवलंबून आहे. अल्ब्युमीन हे पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवते, ग्लोब्युलिनांतील प्रतिपिंडे रोगजंतूंशी झगडतात, आणि फायब्रिनोजेन व त्याच्या सहकारी घटकांमुळे जखमेतून वाहणारे रक्त गोठते. यांपैकी प्रतिपिंडे आणि गोठणाचे अनेक घटक अद्याप मानवी रक्तद्रवातूनच काढावे लागतात. गोठणाचे इतर काही घटक आता जैवतंत्राने प्रयोगशाळेत तयार होऊ लागले असले, तरी असंख्य निरनिराळ्या प्रतिपिंडांचे जे संमिश्रण हजारो माणसांच्या रक्तद्रवात असते, त्याला पर्याय नाही.

पेशी परत करून केवळ द्रव काढून घेण्याची कल्पना जुनी आहे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1914 साली कुत्र्यांवर हा प्रयोग केला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, 1940 साली, डॉ. चार्ल्स ड्र्यू या कृष्णवर्णीय शल्यविशारदाच्या देखरेखीखाली न्यूयॉर्कहून ब्रिटनला रक्तद्रव रवाना होऊ लागला. आणि ज्या अमेरिकेने या माणसाच्या विद्येचा लाभ घेतला, त्याच देशाच्या सैन्यासाठी रक्त गोळा करताना कृष्णवर्णीयांचे रक्त आधी नाकारण्यात आले व नंतर वेगळे ठेवण्यात येऊ लागले, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात लिहून ठेवण्याजोगी आहे. त्याच सुमारास हार्वर्डमधील एडविन कोहन यांनी थंड मद्यार्काच्या साहाय्याने रक्तद्रवातील प्रथिने एकामागून एक वेगळी करण्याची पद्धती सिद्ध केली, आणि पर्ल हार्बरच्या हल्ल्यात भाजलेल्या सैनिकांना अल्ब्युमीन टोचण्यात आले. तथापि एकाच माणसाकडून वारंवार रक्तद्रव घेता येईल, हे व्यवहारात उतरविण्याचे श्रेय बार्सिलोना येथील जुसेप अंतोनी ग्रिफोल्स यांच्याकडे जाते. पेशी परत मिळाल्या तर दात्याला महिनोन्‌महिने थांबावे लागत नाही, हे त्यांनी प्रथम स्वतःवर प्रयोग करून पाहिले आणि 1951 साली लिस्बन येथील परिषदेत मांडले. त्याच घराण्याचे नाव धारण करणारी कंपनी आज अमेरिकेतील रक्तद्रवाच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक आहे.

केंद्रात प्रत्यक्ष काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पहिल्या भेटीत ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक द्यावा लागतो. त्यानंतर प्रकृतीची तपासणी आणि आजार, औषधे, गोंदणे, प्रवास यांविषयीची प्रश्नावली, असे सोपस्कार होऊन दोनएक तास जातात. पुढच्या प्रत्येक भेटीत वजन, नाडी, ताप व रक्तदाब पाहतात. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबातून तांबड्या पेशींचे आणि प्रथिनांचे प्रमाण मोजतात. एक डेसिलिटर द्रवात प्रथिने 6 ग्रॅमच्या खाली असली, तर त्या दिवशी मुलाला रिकाम्या हाताने परत जावे लागते. एकाच आठवड्यात दोन निरनिराळ्या कंपन्यांकडे कोणी जाऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी बोटावर अशी शाई लावण्याची पद्धत आहे, की जी केवळ अतिनील दिव्याखालीच दिसते. मग लांब रांगेतील एका आरामखुर्चीवर विद्यार्थी पहुडतो. कोपराच्या आतील शिरेत रक्तदानातल्यासारखीच जाड सुई जाते, दंडाभोवतीचा पट्टा फुगतो, आणि मूठ मिटत-उघडत राहा अशी सूचना होते. यंत्रातील फिरत्या भांड्यात रक्त गरगर फिरले की जड पेशी कडेला जातात व पिवळा द्रव बाटलीत उतरतो; भांडे भरले की दंडावरचा पट्टा सैल होतो आणि पेशी त्याच सुईवाटे शरीरात परत येतात. ही आवर्तने अनेक वेळा होतात. बाटली तराजूला टांगलेली असते, आणि तिच्यातील द्रवाच्या रंगावरून आदल्या रात्रीच्या जेवणाचाही पत्ता लागतो. फार तळलेले, तुपकट अन्न खाऊन आलेल्याचा रक्तद्रव दुधासारखा गढूळ दिसतो.

रक्त यंत्रात गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात, आणि परत येणाऱ्या पेशींबरोबर त्यातील काही भाग शरीरात शिरतो. सायट्रेट रक्तातील कॅल्शियमला बांधून टाकते. त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांशी मुंग्या येतात, तोंडाला धातूसारखी चव येते, आणि क्वचित हातपाय आखडतात. अशा वेळी परतीचा वेग कमी करतात किंवा कॅल्शियमची गोळी चघळावयास देतात. अखेरीस मीठपाणी चढविले तर दंडातून वर सरकणारी थंडी स्पष्ट जाणवते. भोवळ येणे, शिरेभोवती काळेनिळे होणे, हे नेहमीचे. पण सुई हलली किंवा यंत्र बंद पडले आणि पेशी बऱ्याच प्रमाणात परत करता आल्या नाहीत, तर दात्याला आठ आठवडे थांबावे लागते. ज्याने या महिन्याचे भाडे याच पैशांतून भरण्याचा हिशेब केला आहे, त्याच्यावर हे आठ आठवडे शारीरिक वेदनेहूनही जड जातात.

आता मोबदल्याची रचना पाहू. कारण माझ्या मते सर्व प्रश्नाचे मूळ तेथे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम असा, की सात दिवसांत दोनदा रक्तद्रव देता येतो, मात्र दोन वेळांच्या मध्ये किमान एक दिवस मोकळा गेला पाहिजे. किती घ्यावयाचा ते वजनावर ठरते: 110 पौंडांपासून, म्हणजे सुमारे 50 किलोंपासून, पुढे 625 मिलिलिटर, आणि 175 पौंडांच्या वर 800 मिलिलिटर. आठवड्याला दोनदा म्हणजे वर्षाकाठी 104 वेळा. आणि जो मनुष्य हा संपूर्ण हक्क बजावील, त्याच्या शरीरातून वर्षभरात 65 ते 83 लिटर द्रव काढला जाईल, जो त्याच्या अंगात एका वेळी असणाऱ्या एकंदर रक्तद्रवाच्या वीसपटींहूनही अधिक होतो. एका वेळेस तीसपासून सत्तर डॉलरपर्यंत रक्कम प्लास्टिकच्या कार्डावर जमा होते. तथापि ही रक्कम प्रत्येक वेळी सारखी नसते. नव्याने येणाऱ्यास पहिल्या महिन्यात शेकडो डॉलरांचे आमिष असते; पुढे आठवड्यातील पहिल्या भेटीला कमी आणि दुसऱ्या भेटीला अधिक, महिन्यातील ठरावीक भेटी पुऱ्या केल्यास वर अधिलाभ, आणि मध्येच खंड पडला तर तो अधिलाभ बुडाला, अशी पायऱ्यांची योजना असते. ज्या दिवशी शरीर 'आज नको' म्हणते, नेमक्या त्याच दिवशी जाण्याचे बक्षीस सर्वांत मोठे, असे या योजनेचे स्वरूप आहे.

इतर देशांनी ही मर्यादा फार खाली ठेवली आहे. जर्मनीतही दात्याला पैसे मिळतात, पण ते खर्चभरपाईच्या नावाने, आणि वर्षातून 60 वेळांच्या वर कोणाकडूनही रक्तद्रव घेता येत नाही. शिवाय प्रतिपिंडांचे प्रमाण ठरावीक मुदतीने मोजणे तेथे आवश्यक आहे. फ्रान्समध्ये मोबदला मुळीच नाही आणि मर्यादा वर्षाला 24 वेळांची. खुद्द अमेरिकेतील रेड क्रॉस, जी पैसे देत नाही, ती आपल्या दात्यांकडून 28 दिवसांतून एकदाच रक्तद्रव घेते, म्हणजे वर्षातून फार तर 13 वेळा. एकाच देशात, एकाच जातीच्या मानवी देहासाठी, एका ठिकाणी 13 आणि दुसऱ्या ठिकाणी 104, ही तफावत शरीरशास्त्राने पडलेली नाही.

शरीराची बाजू अशी, की काढलेल्या द्रवाचे पाणी एक-दोन दिवसांत भरून येते, पण प्रथिने तितक्या लवकर भरून येत नाहीत. एका वेळेस चाळीस ते पंचावन्न ग्रॅम प्रथिने जातात. ती पुन्हा घडविण्याचे काम यकृताला आणि प्रतिरक्षा-पेशींना करावे लागते, आणि ज्याच्या जेवणात डाळ, अंडी, दूध अथवा मांस पुरेसे नाही त्याचे शरीर त्या कामात मागे पडते. वारंवार देणाऱ्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण उतरते, हे मान्य झालेले आहे. विशीतील तरुणाला त्याचे तत्काळ परिणाम बहुधा दिसत नाहीत, थकव्यापलीकडे तक्रार नसते. परंतु ज्याला रोज कॅन्टीनमधील सर्वांत स्वस्त पदार्थावर भागवावे लागते, तोच या केंद्रात सर्वांत नियमाने येणार, हे उघड आहे.

येथवर वाचून कोणाचा असा समज होईल, की हा सारा व्यवहार त्याज्य आहे. तसे माझे मत नाही, आणि ते का नाही हे सांगणे मला अगत्याचे वाटते. जन्मतःच ज्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत, अशा एका रुग्णाला वर्षभर पुरेल एवढ्या औषधासाठी सुमारे 130 वेळा दिलेला रक्तद्रव लागतो. फुप्फुसांना पोखरणाऱ्या एका आनुवंशिक विकारात, जेथे अल्फा-1 अँटिट्रिप्सिन नावाचे प्रथिन कमी पडते, तेथे सुमारे 900. आणि हीमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या विकाराच्या, एका रुग्णाला सुमारे 1,200. गोळा झालेला रक्तद्रव गोठवून, काही आठवडे राखून, तपासून, हजारो दात्यांचा एकत्र करून, विषाणूंचा नाश करून औषधाच्या कुपीपर्यंत पोहोचण्यास सात महिन्यांपासून वर्षभराचा काळ जातो. जगातील औषधनिर्मितीला लागणाऱ्या रक्तद्रवापैकी सुमारे दोन-तृतीयांश एकट्या अमेरिकेतून येतो. म्हणजे रेक्सबर्गच्या विद्यार्थ्याने सोमवारी दिलेली बाटली ज्या मुलाच्या न्यूमोनियाला अडवते, तो मुलगा अशा देशातला असू शकतो, की जेथे पैसे घेऊन रक्तद्रव देणे निषिद्ध मानले जाते.

या विसंगतीचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटन. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील रिचर्ड टिटमस यांनी 1970 साली आपल्या ग्रंथात असा युक्तिवाद केला, की रक्त विकत घेणारा समाज परोपकाराची वृत्ती तर गमावतोच, पण रक्तही अधिक दूषित मिळवितो. कारण पैशांची निकड असलेला मनुष्य आपले दुखणे लपवितो. त्या मतप्रवाहातूनच 1975 साली जागतिक आरोग्य परिषदेने ऐच्छिक, विनामोबदला रक्तदानाचा पुरस्कार करणारा ठराव केला, आणि अमेरिकेनेही 1978 पासून रुग्णाला चढविण्याच्या रक्ताच्या पिशवीवर दाता मोबदला घेणारा होता की स्वेच्छेचा, हे छापणे बंधनकारक केले. परिणामी तेथे संपूर्ण रक्ताची खरेदी जवळजवळ थांबली. औषधनिर्मितीसाठी घ्यावयाच्या रक्तद्रवाला मात्र हा नियम लागू झाला नाही. पुढे ब्रिटनमध्ये गाईंच्या मेंदूविकाराशी संबंधित रोगाची भीती उत्पन्न झाली, स्वदेशी रक्तद्रव औषधांसाठी वापरणे थांबवावे लागले, आणि 2002 साली ब्रिटिश सरकारने अमेरिकेतील एक संकलन कंपनीच विकत घेतली. टिटमस यांच्या मायदेशाने मोबदल्याच्या रक्तद्रवाचा मालक व्हावे, यातील दोष मी ब्रिटनच्या माथी मारीत नाही. औषधाची गरज किती निकडीची असते, एवढेच त्यावरून दिसते.

टिटमस यांचे भय मात्र निराधार नव्हते. ऐंशीच्या दशकात हजारो हीमोफिलिया रुग्णांना दूषित औषधांतून एड्सचा विषाणू आणि यकृतदाहाचा विषाणू मिळाला. त्या औषधांपैकी पुष्कळसे अमेरिकेत विकत घेतलेल्या, काही तर तुरुंगांतील कैद्यांकडून घेतलेल्या रक्तद्रवापासून केलेले होते. ब्रिटनमधील चौकशीचा अहवाल मे 2024 मध्ये, म्हणजे रुग्णांच्या एका पिढीनंतर, प्रसिद्ध झाला. चीनच्या हनान प्रांतात नव्वदच्या दशकात गरीब शेतकऱ्यांचे रक्त एकत्र करून, द्रव काढून, उरलेल्या पेशी वाटेल त्याला परत टोचल्या गेल्या आणि गावेच्या गावे एड्सने ग्रासली. गाओ याओजिए या वृद्ध डॉक्टरीणबाईंनी ते जगापुढे आणले आणि त्याचा त्रासही भोगला. आजच्या यंत्रात प्रत्येकाच्या पेशी त्याच्याच सुईवाटे परत जातात, नळ्या एकदा वापरून फेकतात, आणि विषाणूंना मारण्याचे रासायनिक व उष्णतेचे उपाय प्रत्येक कुपीवर होतात. म्हणून औषध घेणाऱ्यास जो धोका टिटमस यांना दिसत होता तो बहुतांशी टळला आहे. टळला नाही तो देणाऱ्याचा प्रश्न.

या देण्याला कायदा काय समजतो, याचा एक मनोरंजक निवाडा अमेरिकेच्या कर-न्यायालयाने 1980 साली दिला. फ्लोरिडात राहणारी, दुर्मिळ रक्तगटाची एक महिला वर्षातून नव्वदहून अधिक वेळा प्रयोगशाळेत जाऊन रक्तद्रव देई आणि मुख्यतः त्यावर उपजीविका करी. प्रवासाचा आणि विशेष पौष्टिक आहाराचा खर्च उत्पन्नातून वजा मिळावा, अशी तिची मागणी होती. न्यायालयाने तो धंदाच आहे असे मानले. भाजी विकणारा आपला माल गाडीत घालून पाठवू शकतो, पण या बाईचा माल तिच्या देहातच साठविलेला असल्यामुळे तिला स्वतः बाजारापर्यंत जाणे भाग आहे, म्हणून तिचा प्रवासखर्च ग्राह्य. परंतु खाणीतून खनिज संपत जाते त्याप्रमाणे आपल्या शरीराचाही क्षय होतो, तेव्हा त्याबद्दलची वजावट द्यावी, ही तिची विनंती मात्र नामंजूर झाली. शरीर झिजते हे म्हणणे दप्तरी नोंदले गेले आणि फेटाळले गेले, हा भाग मला त्या निकालपत्रातील सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो.

विद्यार्थ्यांना हा मार्ग का धरावा लागतो, याचे उत्तर अमेरिकेतील शिक्षणशुल्कात आणि कर्जात आहे. अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले आहे, की एखाद्या भागात रक्तद्रवाचे केंद्र उघडले की तेथील तरुणांकडून जबर व्याजाच्या अल्पमुदती कर्जांची मागणी कमी होते. या निष्कर्षातून दोन्ही अर्थ निघतात: सावकाराच्या पाशातून सुटण्याचा एक मार्ग मुलांना मिळाला, हे खरे, आणि कर्ज किंवा सुई याखेरीज तिसरा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता, हेही तितकेच खरे.

आपल्याकडून तिकडे शिकावयास गेलेल्या मुलामुलींचा प्रश्न आणखी नाजूक आहे. विद्यार्थी-परवान्यावर असलेल्याला सत्र चालू असता आठवड्याला 20 तासांपर्यंत आणि तेही बहुधा विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते. सामाजिक सुरक्षा क्रमांक सामान्यतः अशी नोकरी लागल्यावरच मिळतो, आणि तो नसल्यास केंद्रे दाराशीच थांबवितात. मोबदल्याची रक्कम उत्पन्न म्हणून गणली जाते, तेव्हा ती कराच्या विवरणात दाखवावी लागते. परक्या देशाच्या परवान्यावर आलेल्या माणसाने रक्तद्रव विकणे हे 'काम' ठरते काय, यावर तिकडे न्यायालयीन वाद झाला आहे: मेक्सिकोतून भेटीच्या परवान्यावर सीमा ओलांडून येणाऱ्यांना याच कारणास्तव 2021 साली मनाई झाली आणि 2022 साली न्यायालयाने ती उठविली. म्हणून मराठी विद्यार्थ्याने, मित्र जातात एवढ्या आधारावर न जाता, आपल्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत आधी चौकशी करावी हे उत्तम. एक गोष्ट पुष्कळांना चकित करते: भारतातून नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला हिवतापाच्या भीतीने रक्तदान करण्यास तिकडे काही वर्षे मज्जाव असतो, पण रक्तद्रवाच्या केंद्रात तीच अट आड येत नाही, कारण हिवतापाचा जंतू तांबड्या पेशींत राहतो आणि औषधनिर्मितीच्या क्रियेत तो टिकत नाही.

भारतात हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. आपल्या शहरांत रक्त विकून पोट भरणाऱ्यांचा एक वर्गच निर्माण झाला होता. रक्तपेढ्यांच्या दाराशी तीच ती अशक्त माणसे पुन्हा पुन्हा दिसत. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 4 जानेवारी 1996 रोजी निकाल देऊन दोन वर्षांच्या आत ही प्रथा बंद करण्याचा हुकूम केला, आणि 1 जानेवारी 1998 पासून देशात रक्ताची विक्री बेकायदा ठरली. तेव्हापासून औषधांसाठी लागणारा रक्तद्रव आपण स्वेच्छेने दिलेल्या रक्तातूनच वेगळा काढतो, आणि नवी मुंबईतील रबाळे येथे त्यापासून अल्ब्युमीन व प्रतिपिंडांची औषधे तयार होतात. करोनाच्या काळात महाराष्ट्राने 'प्लाटिना' या नावाने रक्तद्रव-उपचाराची मोठी योजना जून 2020 मध्ये सुरू केली, आणि बऱ्या झालेल्या असंख्य नागरिकांनी स्वेच्छेने तो दिला. पुढे भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या 464 रुग्णांवरील परीक्षणात त्या उपचाराचा उपयोग सिद्ध झाला नाही आणि मे 2021 मध्ये तो राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतून वगळण्यात आला. उपचार निरुपयोगी ठरला, म्हणून त्या नागरिकांच्या कृतीचे मोल कमी होत नाही. तथापि हेही मान्य केले पाहिजे, की केवळ रक्तदानातून निघणारा रक्तद्रव आपल्या गरजेला पुरत नाही, आणि आपल्या रुग्णालयांत टोचल्या जाणाऱ्या या औषधांपैकी काही भाग अजून परदेशातून येतो. म्हणजे अमेरिकेतील त्या आरामखुर्च्यांशी आपलाही संबंध आहे.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. मोबदला देण्यात मला पाप दिसत नाही; तासभर सुईखाली पडून राहणाऱ्या तरुणाच्या वेळेला आणि श्रमाला किंमत आहे, आणि त्याच्या बाटलीतून कंपनीला नफा होत असताना त्यानेच तेवढे निरिच्छ असावे ही अपेक्षा न्यायाची नाही. परंतु दुसऱ्या भेटीला पहिलीहून अधिक पैसे देणारी पायऱ्यांची योजना कायद्याने बंद व्हावी, प्रत्येक वेळेस रक्कम सारखी असावी, वर्षाची मर्यादा निदान जर्मनीइतकी खाली यावी, आणि प्रतिपिंडांची मोजणी प्रत्येक नियमित दात्याच्या बाबतीत सक्तीची व्हावी. हे नियम बदलणे अमेरिकेच्या हाती आहे. तोपर्यंत तिकडे शिकणाऱ्या आणि परवानगी असलेल्या आपल्या मुलामुलींना माझी विनवणी एवढीच: आठवड्यातून एकदा, याहून अधिक वेळा जाऊ नका, जाण्यापूर्वी पोटभर सकस जेवा आणि पाणी प्या, प्रश्नावलीत एकही दुखणे लपवू नका, दरवेळी मोजलेले प्रथिनांचे प्रमाण विचारून वहीत लिहून ठेवा, आणि तो आकडा उतरत चालला असेल, तर त्या महिन्याचा अधिलाभ सोडून द्या.